सकाळचा चहा आणि हातून उडणारा कप

पत्र थोडं कमी करून आणि ओळख पटेल असे तपशील काढून देते आहे:

"डॉक्टर ताई, आम्ही इंदूरचे, रामबागेतले. मुलगी बावीस वर्षांची, एम.कॉम. करते. अकरावी-बारावीपासून सकाळी तिच्या हातून वस्तू उडायच्या. कप, ब्रश, कंगवा. धांदरट आहे म्हणून आम्ही रागवायचो. गेल्या अनंत चतुर्दशीला रात्रभर झांक्या (मिरवणुकीतले गिरण्यांचे देखावे) बघून पहाटे घरी आली, तास-दीड तास झोपली, उठून चहा ठेवायला गेली आणि ओट्यापाशीच पडली. हातपाय आखडले, तोंडाला फेस, ओठ निळे. शेजाऱ्यांनी चप्पल हुंगवली, दातखीळ सोडवायला चमचा घातला, त्यात पुढच्या दाताचा टवका उडाला. डॉक्टरांनी ईईजी आणि एमआरआय करून घेतलं. एमआरआय नॉर्मल आहे. फाइलवर जे.एम.ई. लिहिलंय. लेव्हेटिरासेटमची गोळी सकाळ-संध्याकाळ चालू आहे. आठ महिने त्रास नाही, मधून एखाद्या सकाळी कंगवा उडतो तेवढंच. पण चिडचिड फार वाढलीय, लगेच रडू येतं. सासूबाई म्हणतात, गोळ्यांनी डोकं बिघडतंय, एमआरआय चांगला आहे तर बंद करा. त्यात ग्वाल्हेरहून स्थळ आलंय. मुलगा बँकेत, माणसं चांगली. जाऊबाई म्हणतात, त्रास थांबलाय तर सांगायचं कशाला, लग्नानंतर बघता येईल. तिला मूलबाळ होईल ना? काय करावं?"

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी उत्तर देते, कारणं मागून. गोळ्या बंद करू नका. ग्वाल्हेरच्या मंडळींना सांगा. आणि या दोन्हींच्या आधी मुलीशी बोला, कारण तुमच्या चार पानी पत्रात सासूबाई काय म्हणतात, जाऊबाई काय म्हणतात हे सगळं आहे, पण ज्या पोरीचा हा आजार आहे ती काय म्हणते याची एक ओळ नाही.

आणखी एक गोष्ट नाही. आजाराचं नाव. "त्रास" हा शब्द तुम्ही अकरा वेळा लिहिलाय, मी मोजले. फाइलवरची अक्षरं तेवढी जशीच्या तशी उतरवलीत. जे.एम.ई. म्हणजे ज्युवेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी. वयात येताना सुरू होणारी, स्नायूंना अचानक झटका देणारी मिरगी. फेफरं म्हणा, आकडी म्हणा, अपस्मार म्हणा, तुमच्या घरात जो शब्द चालतो तो वापरा, पण वापरा. जर्मनीचे डॉक्टर डीटर यान्त्स यांनी १९५७ साली या आजाराचं नीट वर्णन करून ठेवलं, आणि ते वाचताना तुमचंच घर समोर येतं. बारा ते अठराच्या दरम्यान सुरुवात. सकाळी उठल्यावर पहिल्या तासाभरात खांद्या-हातांना झटके, शुद्ध जागेवर, हातातली वस्तू मात्र लांब जाऊन पडते. घरचे म्हणतात वेंधळी आहे. मग एखाद्या जागरणानंतर मोठी फिट येते आणि तेव्हा कुठे डॉक्टर गाठला जातो. तोवर चार-पाच वर्षं गेलेली असतात. तुम्ही रागवलात याचं मनाला लावून घेऊ नका. त्या झटक्यांबद्दल डॉक्टरही अनेकदा विचारायला विसरतात, आणि मुली आपणहून सांगत नाहीत, कारण त्यांनाही वाटत असतं की आपणच धांदरट.

आता एमआरआयचं. सासूबाईंचा प्रश्न रास्त आहे. फोटो चांगला, मग आजार कुठला?

आपला मेंदू वजनाला सव्वा-दीड किलोच्या मधला, आणि त्यात सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी. प्रत्येक पेशी शेजारच्या हजारो पेशींशी अगदी बारीक विजेच्या आणि रसायनांच्या भाषेत बोलत असते. काही पेशी पुढच्या पेशीला चेतवतात, काही तिला आवरतात. या दोघींचा तोल सांभाळला गेला की आपण चालतो, बोलतो, चहात साखर किती टाकली हे लक्षात ठेवतो. तुम्ही झांक्यांच्या रात्री राजवाड्यापाशी उभ्या राहिला असाल. हजारो माणसं, प्रत्येकाचं बोलणं वेगळं. कोणी हरवलेल्या पोराला हाका मारतंय, कोणी भुट्ट्याच्या किसाचा भाव करतंय, कोणी पुढची झांकी कुठल्या गिरणीची ते सांगतंय. गोंगाट आहे, पण सगळ्यांची कामं होताहेत. आता समजा, त्या साऱ्या गर्दीने एकाच ठेक्यात एकच आरोळी द्यायला सुरुवात केली. एकही माणूस नाहीसा झालेला नाही, एकही दुकान पडलेलं नाही. पण पोराला मारलेली हाक आता कोणालाच ऐकू जाणार नाही. फिट म्हणजे हे. पेशी शाबूत असतात, त्या सगळ्या एकाच वेळी, एकाच ठेक्यात पेटतात. एमआरआय म्हणजे त्या चौकाचा फोटो. त्यात वाडा, दुकानं, रस्ते दिसतात. आरोळी फोटोत दिसत नाही. ती ऐकायला ईईजी. मेंदूची ही वीज इतकी बारीक की डोक्याच्या कातडीवर ती व्होल्टच्या लाखाव्या-दहा हजाराव्या भागात मोजावी लागते. १९२४ साली येना गावच्या हान्स बर्गर यांनी माणसाच्या डोक्यावरून ती पहिल्यांदा कागदावर उतरवली. तुमच्या मुलीच्या ईईजीवर टोकदार लाटांचे झुबके दिसले म्हणूनच तिच्या डॉक्टरांनी ती तीन अक्षरं लिहिली.

नॉर्मल एमआरआयचा आनंद तुम्ही जरूर माना. आपल्याकडे फिट येण्याचं एक मोठं कारण म्हणजे मेंदूत फीतकृमीच्या अळीची गाठ. न धुतलेल्या भाजीतून त्याची अंडी पोटात जाऊ शकतात, त्यामुळे शाकाहारी घरांतही ती सापडते. तसं काही नाही, गाठ नाही, जुनी जखम नाही, एवढं त्या फोटोने सांगितलं. बुद्धीला धोका आहे असंही या आजारात नसतं. एम.कॉम. तिने पूर्ण करावं, पुढे नोकरीही करावी.

हातच का उडतो, हेही सांगते, कारण एकदा कळलं की भीती कमी होते. हालचालींची आज्ञा देणारा भाग मेंदूवर एका पट्टीसारखा पसरलेला आहे, डोक्याच्या माथ्यापासून खाली कानाच्या दिशेने. शरीराचा प्रत्येक अवयव त्या पट्टीत आपापली जागा धरून असतो, पण वाटणी आकारमानाने झालेली नाही. सगळ्या पाठीला मिळते त्याच्या कितीतरी पट जागा हाताच्या पंज्याला आणि चेहऱ्याला मिळालेली आहे, कारण बारीक कामं ते करतात. तिथून निघालेली आज्ञा मानेच्या वर, मेंदूच्या देठात बाजू बदलते, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत उतरते आणि हाताच्या नसेतून सेकंदाला ५०-६० मीटरच्या वेगाने बोटांपर्यंत पोचते. पट्टीवर क्षणभराची ठिणगी पडली की कप हातातून सुटला आहे हे तिला स्वतःला कळायच्या आत तो भिंतीवर आपटलेला असतो. आणि हे सकाळीच का? झोपेतून जागं होणं हे मेंदूसाठी मोठं काम आहे. मेंदूच्या मधोमध थॅलॅमस नावाचा भाग आहे, त्याच्या आणि वरच्या सालीच्या दरम्यान सतत देवाणघेवाण चालते, आणि झोप-जाग याच रस्त्यावर ठरते. या आजाराच्या लाटा त्याच रस्त्यावर उठतात. झोप अर्धी राहिली की ठिणगीला वारा मिळतो.

म्हणून आठ महिन्यांचा हिशेब मला तुमच्याइतका पक्का वाटत नाही. मोठी फिट आली नाही, हे उत्तम. पण "मधून कंगवा उडतो तेवढंच" असं तुम्ही लिहिलंत, ते "तेवढंच" नाही. तो झटका त्याच आजाराचा आहे. डॉक्टरांना हे सांगितलंय का? नसेल तर उद्याच फोन करा. मात्रा थोडी बदलावी लागेल, किंवा एखादी रात्रीची गोळी चुकत असेल. तिला वहीत तारखा लिहायला सांगा. कोणत्या सकाळी झटका आला, आदल्या रात्री किती वाजता झोपली, गोळी घेतली होती का, पाळी कधी आली. दोन महिन्यांची अशी वही एमआरआयपेक्षा जास्त सांगते.

चिडचिडीच्या बाबतीत सासूबाईंचं निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. लेव्हेटिरासेटमने काही जणांना राग येतो, उदास वाटतं, रडू येतं. हा त्या गोळीचा माहीत असलेला परिणाम आहे, पोरीचा स्वभाव बिघडलेला नाही. डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ते मात्रा बदलतील किंवा दुसरी गोळी हळूहळू सुरू करून ही हळूहळू काढतील. जिवाचं काही बरंवाईट करण्याचे विचार येतात का, हे तिला तुम्ही स्वतः, एकटीला गाठून, मायेनं विचारा. उत्तर हो असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आपल्या मनाने एकदम गोळी बंद करणं मात्र सर्वांत धोक्याचं. त्याने एकामागून एक, न थांबणाऱ्या फिट येऊ शकतात. आणि या प्रकारच्या मिरगीचा स्वभाव असा की गोळ्यांना ती फार छान दाद देते, पण गोळ्या सोडल्या की बहुतेकांना फिट परत येते, वर्षानुवर्षं काही झालेलं नसलं तरी. बीपीची गोळी तुमच्या सासूबाई घेत असतील. तशीच ही.

सासूबाईंना खजराण्याच्या गणपतीला नवस बोलायचा असेल तर बोलू द्या. तिला घेऊनही जा. सकाळची गोळी घेऊन, नाश्ता करून जा.

आता स्थळ. इथे मला माझ्या धाकट्या मावशीबद्दल लिहायचं आहे. तिलाही मिरगी होती. सत्तरच्या दशकात ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागातल्या एका घरी दिली. माझ्या आजोबांनी कोणाला काही सांगितलं नाही. सासरी जाताना आजीने गार्डिनलच्या, म्हणजे मिरगीवरच्या, गोळ्या कागदात बांधून तिच्या हाती दिल्या आणि तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवायला सांगितलं. डबा स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरात सासू. चैत्रात हळदीकुंकवाची गडबड झाली, घर पाहुण्यांनी भरलं, सलग चार दिवस मावशीला त्या डब्याशी एकटीने जाता आलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलेलं असताना तिला फिट आली. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. मी लहान होते, पण सुट्टीत आली की पदराखाली धरलेला तो हात मला आठवतो, बोटं नीट मिटायची नाहीत. तिला त्यांनी घराबाहेर काढलं नाही. तो डबा पुढे देव्हाऱ्याखाली आला, आणि सांजवात झाली की सासू स्वतः तिच्या तळहातावर गोळी ठेवायची. सासू असेतोवर ठेवत होती. हात मात्र भाजलेलाच राहिला.

जाऊबाई म्हणतात लग्नानंतर बघता येईल. ताई, नव्या सुनेचं पहिलं वर्ष डोळ्यांसमोर आणा. हळदीची रात्र, मुहूर्त पहाटेचा, मग गोंधळ, मग सत्यनारायण, मग गाडीचा प्रवास. श्रावणात मंगळागौर, तिचं जागरण, झिम्मा-फुगड्या पहाटेपर्यंत. हरतालिकेला उपास आणि पुन्हा जागरण. आणि दररोज सकाळी सगळ्यांच्या आधी उठून चहा कोण ठेवणार? गोळी एखादे वेळी लपवता येईल. झोप लपवता येत नाही. "मला रात्री अकराला झोपायलाच हवं" असं नवी सून कारण न सांगता कसं म्हणेल? तुम्ही आजार लपवलात तर तिची झोप काढून घेताय, आणि तिची झोप हेच तिचं अर्धं औषध आहे.

कायद्याचंही ऐका. एके काळी हिंदू विवाह कायद्यात मिरगीचे वारंवार येणारे झटके हे लग्नाच्या आड येणाऱ्या गोष्टींत मोजलेले होते. १९९९ साली दुरुस्ती होऊन ते काढून टाकलं, विशेष विवाह कायद्यातूनही काढलं. आज मिरगी आहे म्हणून लग्न बेकायदा ठरत नाही. पण महत्त्वाची गोष्ट दडवून संमती मिळवली, अशी तक्रार त्याच कायद्याखाली करता येते. म्हणजे आजाराने जे दार बंद होत नाही, ते लपवण्याने बंद होऊ शकतं.

कधी सांगायचं? पहिल्या फोनवर नको, पत्रिका जुळायच्या आधी मध्यस्थाला तर नकोच, तो सगळ्या गावाला सांगेल. आणि साखरपुड्यानंतर तर अजिबात नको. मुलगा-मुलगी एक-दोनदा भेटली, दोघांचा कल दिसला, की पुढचं बोलणं व्हायच्या आधी. आणि सांगावं तिने. तुम्ही शेजारी बसा हवं तर. वाक्यं साधी हवीत: "मला मिरगी आहे. सकाळी हाताला झटके येतात, एकदा मोठी फिट आली होती. रोज दोन वेळा गोळी घेते, लग्नानंतरही घेणार. रात्री वेळेवर झोपावं लागतं. तुम्हाला काही विचारायचं असेल तर माझ्या डॉक्टरांकडे आपण दोघं जाऊ." खरंच जाऊ द्या दोघांना. न्यूरोलॉजिस्टच्या समोर बसून अर्धा तास बोललेल्या मुलाच्या मनातलं भय बरंच उतरतं, हे मी स्वतः पाहिलं आहे.

स्थळ मोडू शकतं. ते मी तुमच्यापासून लपवणार नाही. मोडलं तर पोरगी रडेल, तुम्हीही रडाल. तरी ते आता मोडलेलं परवडतं.

मूलबाळ होईल का? होईल. मिरगी असलेल्या बहुसंख्य बायकांना निरोगी मुलं होतात. मुलांना हा आजार येण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते, पण शंभरातल्या नव्वदाहून अधिक मुलांना तो येत नाही. महत्त्वाचं हे की गरोदरपण ठरवून यावं. निदान काही महिने आधी डॉक्टरांना सांगायचं, फॉलिक ॲसिड आधीपासून सुरू करायचं, आणि दिवस राहिले म्हणून घाबरून गोळी सोडायची नाही. एका औषधाचं नाव तिने पाठ करून ठेवावं: व्हॅल्प्रोएट. या आजारावर ते फार गुणकारी आहे, पुरुषांना सर्रास दिलं जातं. पण गरोदरपणी ते पोटात गेलं तर दहातल्या साधारण एका बाळाला जन्मतः व्यंग असतं, आणि त्याहून जास्त मुलांच्या बोलण्या-शिकण्यावर परिणाम होतो. तुमच्या डॉक्टरांनी ते दिलेलं नाही, विचार करूनच दिलेलं नसणार. पुढे ग्वाल्हेरला डॉक्टर बदलले तर पहिल्या भेटीतच तिने म्हणावं, "मला मूल हवं आहे, त्या हिशेबाने गोळी द्या."

दाताचा टवका उडाला ते वाचून मला वाईट वाटलं. पुन्हा कधी फिट आली तर तोंडात काही घालायचं नाही, चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही. चप्पल आणि कांदा हुंगवून फिट थांबत नाही, ती बहुतेक वेळा एक-दोन मिनिटांत आपोआपच थांबते, आणि श्रेय चपलेला जातं. घड्याळ बघा. गॅस बंद करा, आसपासची टोकदार वस्तू सरकवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या. हातपाय दाबून धरू नका. झटके ओसरले की कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येईल. पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर १०८ ला फोन. शेजाऱ्यांनाही हे आजच सांगून ठेवा. माणसं प्रेमळ आहेत, धावून येणारच, काय करायचं ते त्यांना ठाऊक असलं म्हणजे झालं.

ॲक्टिव्हा ती चालवत असेल, इंदुरात कोणती मुलगी चालवत नाही? किल्ली सध्या काढून घ्या. लायसन्सच्या अर्जासोबत स्वतः सही करून द्यायच्या फॉर्ममध्ये मिरगीचा प्रश्न सरळ विचारलेला असतो, आणि खोटं लिहून पलासियाच्या चौकात गाडी घालण्यात तिच्या आणि समोरच्याच्याही जिवाला धोका आहे. सराफ्यात रात्री बाराला खायला जाणं बंद. सराफा दहालाही असतो. झांक्या पाहाव्यात, पण पहिल्या दोन पाहून घरी येऊन झोपावं. पोहणं, गच्चीच्या कठड्यावर बसणं, आतून कडी लावून अंघोळ, हे तूर्त नको.

आज संध्याकाळी हा कागद तिच्या हातात द्या आणि तिला मोठ्याने वाचू द्या. मध्ये बोलू नका. वाचून झाल्यावर तिला विचारा, तुझं काय म्हणणं आहे. ती जे म्हणेल ते तुम्हाला न आवडणारंही असेल. कदाचित तिला आत्ता लग्नच करायचं नसेल. पूर्ण ऐकून घ्या, आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या, मी वाट पाहते.

आणि उद्या सकाळी चहा तुम्ही ठेवा, किंवा तिच्या बाबांना ठेवायला सांगा. झटके पूर्ण थांबेपर्यंत उठल्यावर तासभर तरी तिने गॅसपाशी जायचं नाही. तिचा चहा निवल्यावर स्टीलच्या पेल्यात, अर्धाच भरून द्या.